त्याच नावाचा चौथा सिनेमा

“बघायचं नाही. नुसतं धुवायचं.”

फ्राऊ क्रोनेसचा तो घोगरा आवाज सात-आठ वर्षांपूर्वीचा. पण फिल्म बोटांतून सरकू लागली की कायेटान वोंड्राकला तो अजून ऐकू यायचा. आताही आला. नव्या सिनेमाचं चौथं रीळ तो उलटं गुंडाळत होता. एक हात चक्राच्या दांड्यावर, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी फिल्मच्या कडेवर. काठाची भोकं कुठे फाटली असतील तर ती बोटांना कळतात, डोळ्यांना नाही. म्हणून त्याची नजर समोरच्या भिंतीवर होती. भिंतीवर पोपडा होता, आणि पोपड्यात दर शुक्रवारी त्याला नवा आकार दिसायचा. आज काहीच दिसत नव्हतं.

जिन्यावर कुबडीची टकटक झाली. थिएटरचा मालक झापलेटाल वर येत होता. महायुद्धात इझोन्झोच्या आघाडीवर त्याचा एक पाय गेला आणि त्या बदल्यात सरकारने त्याला सिनेमा चालवायचा परवाना दिला. व्हिएन्नात अशी बरीच थिएटरं होती, कुणाच्या पायाची, कुणाच्या डोळ्यांची, कुणाच्या मेलेल्या नवऱ्याची.

“कसं आहे यंदाचं पीक?” झापलेटालने दारातच धापा टाकत विचारलं.

“चार ठिकाणी भोकं फाटलीत. जोडून देतो.”

“आणि आमची नदी?”

“निळी.”

“ते दिसतंय.” त्याने फिल्मचं टोक दिव्यासमोर धरलं. “नावात निळी आहे म्हणून गाढवांनी अख्खं रीळ निळ्या रंगात बुडवलंय. भर दुपारचं लग्न, आणि आपल्या लोकांना वाटणार रात्र झाली. निळं म्हणजे रात्र, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उद्या पहिल्या रांगेतली पोरं ओरडणार बघ, अरे नवरदेवा, कंदील लाव.”

कायेटान हसला नाही. फाटलेल्या जागेवर त्याने ब्रशने गोंद लावला आणि दोन टोकं दाबून धरली.

“त्याच वॉल्ट्झचं नाव,” झापलेटाल म्हणाला. “चौथ्यांदा. लोक म्हणतील सिनेमावाल्यांना दुसरं गाणंच ठाऊक नाही. मी काय करू? बर्लिनवाले काढतात, बुडापेस्टवाले काढतात. कथा वेगळी, माणसं वेगळी, नाव तेच. नावावर चार तिकिटं जास्त खपतात.” मग थोडं थांबून, आवाज उतरवून, “ती येणार असेल ना, तुझी?”

“माझी नाही.”

“मग कुणाची? माझी बायको म्हणते, कायेटानने वेळेवर विचारलं असतं तर तो आलुबुखाराचा मुरंबा हक्काचा झाला असता, असा चोरून चाटावा लागला नसता.” त्याने कुबडी बदलली. “सकाळच्या चाचणीला इथेच बसव तिला, खाली हॉल बर्फासारखा आहे. कुणी तपासनीस आला तर ती तुझी मावशी. आणि कायेटान…”

“काय?”

“रविवारी भाचा येतोय म्हणे तिला न्यायला. काल खाली सांगत होती बायकोला. म्हणे जाणार नाही. दवाखान्यातला डॉक्टर काय बोलला ते ऐकलंस का? त्या तळघरात आणखी एक हिवाळा काढलात तर पुढचा उन्हाळा बघायच्या नाहीत, असं तोंडावर बोलला. तू सांग तिला. तुझं ऐकेल.”

टकटक उतरत गेली. कायेटानने दाबून धरलेली फिल्म सोडली. सांधा पक्का झाला होता.

*

फ्राऊ सेडलाक पहिल्यांदा या खोलीच्या दाराशी आली ती वीस सालच्या वसंतात. तेव्हा तिचे डोळे धड होते. काखेत कपड्यात गुंडाळलेला एक फोटो होता. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बायकांचे हात असतात तसे तिचे हात, भाजून भाजून गुळगुळीत झालेले.

“तुम्ही मशीन चालवता ना?” तिने विचारलं होतं. “मग तुम्हाला माहीत असेल. एक सिनेमा शोधतेय मी. लढाईच्या आधीचा. आपल्या नदीच्या वॉल्ट्झचं नाव आहे त्याचं.”

तेरा सालच्या जूनमध्ये, एका रविवारी, नुसडॉर्फच्या नदीकाठच्या बागेत त्या सिनेमासाठी नाच झाला होता. नाचायला व्हिएन्नाच्या नाचाच्या वर्गांतून पोरी-पोरं गोळा केली होती. मोबदला म्हणून प्रत्येकाला एक सॉसेज आणि एक पेला बियर. त्यात फ्राऊ सेडलाकची श्टेफी होती, सतरा वर्षांची. डावीकडून तिसरी जोडी. नाचताना कॅमेऱ्याकडे बघायचं नाही अशी सक्त ताकीद होती, पण श्टेफीने बघितलं. सरळ बघितलं आणि हसली. सिनेमा काढणारा साहेब ओरडला, पण पोरी इतक्या आणि उजेड इतका थोडा की तो भाग तसाच ठेवला.

“घरी येऊन मला सांगत होती,” फ्राऊ सेडलाक म्हणाली होती. “आई, मी सगळ्या व्हिएन्नाकडे बघून हसलेय. पुढच्या वसंतात सिनेमा लागला. आठवडाभर होता. रोज म्हणायची चल, चल. मी म्हटलं, इस्त्रीचे ढीग पडलेत, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात तो गावोगाव गेला. मग लढाई लागली. मग अठरा सालच्या साथीत श्टेफी गेली. तीन दिवसांत.” आणि मग कपडा सोडून तिने फोटो पुढे केला होता. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये काढलेला, मान ताठ, ओठ मिटलेले, पांढऱ्या पोशाखात जणू कुणाची तरी बाहुली. “हा काही तिचा चेहरा नाही. हसायची ना, तेव्हा तिचा चेहरा तिचा असायचा. तो मी कुठे ठेवला नाही. तो फक्त त्या सिनेमात आहे.”

कायेटानने फोटो हातात घेतला होता.

तो चेहरा त्याने पाहिला होता. ओठ मिटलेले नव्हते तेव्हा.

एकोणीस सालचा फेब्रुवारी. तो लढाईवरून परत आला होता, छातीत खोकला घेऊन आणि पायांत गोणपाट गुंडाळून. शहरात ना लाकूड, ना पीठ. फ्लोरिड्सडॉर्फला एका शेडमध्ये जुन्या फिल्म गाळायचं काम होतं. रोजची अर्धी पावरोटी मिळायची. गाड्या भरभरून डबे यायचे. उकळत्या सोड्याच्या हौदात फिल्म सोडायच्या, वरचा चिकाचा थर सुटून खाली बसायचा, त्या गाळातून चांदी काढायची. उरलेल्या काचेसारख्या पट्ट्या वाळवून बुटांचं पॉलिश बनवणाऱ्या कारखान्याला जायच्या. राजे-राण्या, रेल्वेगाड्या, समुद्र, सगळं त्या हौदात नितळ होऊन बाहेर यायचं. फ्राऊ क्रोनेस मुकादम होती. कुणी फिल्म दिव्याकडे नेली की तिचा आवाज यायचा.

त्याने एकदाच नेली. डब्यावरच्या चिठ्ठीवर त्या वॉल्ट्झचं नाव होतं म्हणून. लढाईआधी त्याच वॉल्ट्झवर तोही कधी काळी कुणाबरोबर नाचला होता, म्हणून. हौदाची वाफ, खिडकीतला करडा उजेड, आणि त्या उजेडात चौकटीमागून चौकट नाचणारी माणसं. सगळ्यांच्या पाठी, सगळ्यांचे खांदे, आणि मध्येच एक पोरगी सरळ त्याच्याकडे बघून हसत होती. त्या सगळ्या हिवाळ्यात त्याच्याकडे बघून हसलेलं ते एकच माणूस.

मग त्याने ती सोडली. हौदात सगळ्या फिल्म एकसारख्याच वेटोळी घालतात.

फोटो परत देताना त्याला म्हणायचं होतं, फ्राऊ सेडलाक, बसा जरा. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तिने मान वर करून इतकं बघितलं त्याच्याकडे, की तो म्हणाला:

“फिरत असेल कुठेतरी. खेड्यापाड्यांत जुन्या कॉपी चालतात वर्षानुवर्षं.”

आणि दोन वर्षांनी, ती हिरमुसून आली तेव्हा, तो आणखी एक पायरी उतरला. “आणि हेही असतं बघा. नवे सिनेमे काढणारे जुन्या सिनेमांचे तुकडे विकत घेतात, गर्दीचे, नदीचे, नाचाचे. आपल्यात जोडतात. खर्च वाचतो. तेव्हा नाव तेच असलं की बघून घ्यावं.”

हे खोटं नव्हतं. असं खरोखर करतात. म्हणूनच ते तिच्या मनात इतकं खोल रुजलं.

तेव्हापासून त्या नावाचा सिनेमा शहराच्या कुठल्याही टोकाला लागो, फ्राऊ सेडलाक जायची. पहिला पाहिला तो मायडलिंगला, त्यात नदी म्हणजे स्टुडिओतला हौद होता. दुसरा बुडापेस्टचा, त्यात नाचच नव्हता, एक म्हातारा जहागीरदार तेवढा दोन तास रडत होता. तिसऱ्याला नाच होता, पण घोड्यांचा. परत येताना ती इथे चढून यायची, सगळी हकिगत सांगायची, हसवायची. “वोंड्राकसाहेब, माणसाला नदी दाखवायची तर नदीवर जावं, नाही का? चार ट्राम लागतात फक्त.” मग हळूहळू ती सिनेमा नसतानाही यायला लागली. कधी त्याच्या हातमोज्यांची बोटं शिवायला, कधी मुरंबा घेऊन. गेली दोन वर्षं मोतीबिंदू वाढत गेला, आणि शिवण तिरकी पडू लागली. त्याने ती उसवून पुन्हा शिवली नाही. तसेच घातले मोजे.

सांगायचं राहिलं ते एवढ्यासाठीच, हे त्याला ठाऊक होतं. तिला दुःख होईल म्हणून नव्हे. सांगितलं की ती यायची थांबेल म्हणून.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडेनऊला आली. जिन्यावर आधी काठीचा आवाज, मग खोकला, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा काठी. तो दारापर्यंत गेला आणि तिचा हात धरून तिला आत आणलं. ओव्हरकोटाला तळघराची ओल लागली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या खोलीत पाणी शिरलं होतं, आणि भिंतीवरची ती रेघ कधी वाळलीच नव्हती.

“अगं बाई, काय ऊब आहे इथे,” ती स्टुलावर बसत म्हणाली. “स्वर्गात अशीच असणार. फक्त तिथे सिगारेटचा वास नसेल.”

“मी ओढत नाही.”

“मग तुमच्या मशीनला सांगा.”

दिव्याच्या कार्बनच्या कांड्या त्याने एकमेकींजवळ आणल्या, आणि पांढराशुभ्र उजेड पेटला. तिने त्या दिशेला तोंड केलं, सूर्यफूल करतं तसं.

“लुडमिलाचं पत्र आलं,” ती म्हणाली. “बहिणीचं. म्हणजे वाचून घेतलं मी, फ्राऊ झापलेटालकडून. श्टायरला खोली आहे म्हणे, मागे चुलीला लागून. रविवारी तिचा ओटोकार येतोय न्यायला. नाही आले तर खोलीत भाडेकरू ठेवणार. तिचंही बरोबर आहे, किती वर्षं रिकामी ठेवील.”

“जा ना मग,” कायेटान म्हणाला.

“तुम्हीपण?”

“डॉक्टर म्हणाला ते ऐकलं मी.”

“डॉक्टरला काय कळतं. तो सव्वीस वर्षांचा आहे. श्टेफी असती तर तिच्यापेक्षा लहान असता.” ती हसली, मग खोकली, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. रुमाल तोंडावरून काढताना तिने तो मुठीत चुरगाळला. “मी जाईन हो. जायचंच आहे. पण श्टायरला कुठला सिनेमा. तिथे एक थिएटर, त्यात उन्हाळ्यात गवत ठेवतात म्हणे. मी तिकडे जायची आणि इकडे तो तुकडा येऊन जायचा. एकदा चुकले आहे मी, वोंड्राकसाहेब. पुढच्या आठवड्यात म्हटलं होतं तिला. दुसऱ्यांदा नाही चुकणार.”

त्याने पहिलं रीळ चढवलं.

“आणि खरं सांगू?” ती म्हणाली. “आता मला दिसतच नाही काही. उजेड दिसतो, हललेलं दिसतं. चेहरा नाही दिसत. ती समोर आली तरी मला कळणार नाही. म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात, ही बघा, तर मी समजेन की बघितलं. मग रविवारी जाईन. गाडीत बसून झोप काढीन, इतकी झोप काढीन.”

ती हे इतकं सरळ म्हणाली की कायेटानला क्षणभर वाटलं, हिने दार उघडून दिलं आहे आणि आता आपण फक्त आत जायचं आहे.

रात्रीच त्याने सगळं बघून ठेवलं होतं. सवय मोडून बघितलं होतं, चौकटीमागून चौकट. चौथ्या रिळात नाच होता. नदीकाठची बाग, दिवे, जोड्या. पण ह्या पोरी यंदाच्या होत्या, मानेवर कापलेले केस, गुडघ्याखाली जेमतेम आलेले फ्रॉक. तेरा सालचं कुणीच नव्हतं. कुठून असणार.

एक रीळ संपलं, दुसरं, तिसरं. तो हाताने दांडा फिरवत राहिला. खाली रिकामा, गार हॉल, पियानो झाकलेला. मशीनच्या खडखडाटाखेरीज आवाज नव्हता. ती खोलीच्या दुसऱ्या छोट्या खिडकीशी बसली होती, काचेला कपाळ टेकून. मध्ये मध्ये विचारायची. हे कोण? राजपुत्र. आणि हा? तोही राजपुत्रच, पण वेष पालटलेला. “बरं झालं दिसत नाही,” ती म्हणाली.

चौथं रीळ लागलं आणि खोलीच्या भिंतीवर निळी झाक आली.

“निळं दिसतंय मला,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “नदी का?”

“नदी.”

“सगळीकडे निळंच आहे.”

“रंग सांडलाय त्यांच्या हातून.”

“असू दे. छान आहे.” तिचं बोट खिडकीच्या लाकडावर ठोके देऊ लागलं. एक-दोन-तीन. एक-दोन-तीन. पियानोवाली नव्हती, बँड नव्हता, पण व्हिएन्नात जन्मलेल्या माणसाला त्या वॉल्ट्झसाठी बँड लागत नाही. “आता हलतायत. खूप माणसं हलतायत. नाच आहे ना?”

“हो.”

“मग?”

त्याच्या हातात दांडा फिरत होता, एकसारखा. त्याने समोर पडद्याकडे बघितलं. कापलेल्या केसांच्या पोरी गिरक्या घेत होत्या. रविवारी गाडी होती. श्टायरला चुलीला लागून खोली होती. बाहेर नोव्हेंबर होता, आणि नोव्हेंबरनंतर डिसेंबर.

“फ्राऊ सेडलाक,” तो म्हणाला. “डावीकडून तिसरी.”

ठोके देणारं बोट थांबलं नाही. उलट हळू झालं, जणू नाचणाऱ्यांना आणखी वेळ द्यायचा होता तिला.

“आहे?”

“आहे. जुना तुकडा आहे. मध्ये जोडलाय.”

“श्टेफी?”

“हो.”

तिने दोन्ही हात काचेवर ठेवले. बोटं पसरून, शेकोटीवर ठेवतात तसे. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं चढलं आणि तिने ते पुसलं नाही. त्याने तिला काही फरक पडणार नव्हता.

“सांगा,” ती म्हणाली. “बोलत राहा. थांबू नका. कशी दिसते?”

आणि तो बोलत राहिला. खोटं बोलायची त्याची तयारी होती, पण खोटं जमवायला त्याला काही शोधावं लागलं नाही. समोरच्या पडद्यावर भलत्याच पोरी होत्या, आणि त्याच्या डोळ्यांपुढे ती होती, ती एकच, एकदाच उजेडात धरलेली.

“केस लांब. वर बांधलेले, पण कानापाशी एक बट सुटलीय. पांढरा ब्लाउज. गळ्याशी गोल मणी. सगळ्यांची पाठ आहे आणि ती मध्येच वळते.”

“वळते.”

“वळते आणि सरळ बघते. आपल्याकडेच. पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे.”

“आहे, आहे.” तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. साठी उलटलेल्या त्या तोंडावर एका सतरा वर्षांच्या पोरीचं हसू आलं होतं, आणि ते त्याने पूर्वी पाहिलेलंच हसू होतं. “आणि? अजून आहे का?”

“आहे. तिच्याबरोबरचा मुलगा बुटका आहे, त्याला ती खांद्यावरून बघते. डाव्या बुटाचा पट्टा सुटलाय. तो जमिनीवर आपटतोय, पण ती थांबत नाही. पाय थोडा ओढत, तशीच गिरकी घेते. तशीच हसते.”

तिचं हसू थांबलं.

नाच संपला होता. पडद्यावर आता नावेत कुणीतरी कुणाला निरोप देत होतं. कायेटान दांडा फिरवत होता. त्याला वाटलं, आता ती म्हणेल, बस, झालं, आता मी जाते. त्याला त्याही क्षणी, इतक्या सगळ्यातही, आधी सुचलं ते हेच, की रविवारनंतर या स्टुलावर कुणी बसणार नाही.

“पट्टा,” फ्राऊ सेडलाक म्हणाली.

तिने काचेवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले.

“ते माझे बूट होते,” ती म्हणाली. “कपाटातून काढून नेले होते तिने, न विचारता. पट्टा तुटून घरी आली. मी जेवायला नाही वाढलं त्या रात्री तिला. एका पट्ट्यासाठी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पाद्रीलासुद्धा नाही. लाज वाटते मला.”



“केस लांब होते हे तुम्हाला फोटोत दिसलं असेल. दातांचं मी कधी बोलले असेन. तिसरी जोडी तर मीच सांगितली.” ती त्याच्या दिशेने वळली. डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका पडदा होता, आणि तरी त्याला वाटलं की आयुष्यात आपल्याकडे इतकं नीट कुणी बघितलेलं नाही. “पण पट्टा नाही सांगितला. आणि आत्ता पडद्यावर नाचत होत्या त्यांचे पाय भराभर हलत होते, वोंड्राकसाहेब. आखूड कपड्यांतले पाय. एवढं दिसतं मला. आमच्या वेळी पाय दिसत नसत नाचताना. घोट्यापर्यंत घागरा असायचा. गिरकी घेतली तर बुटाचं टोक दिसायचं, फार तर पट्टा.”

रिळाचं शेपूट मशीनमधून सुटलं आणि रिकाम्या चक्रावर फटफट करू लागलं. खाली पडदा पांढरा झाला. कायेटानने दांडा सोडला, मग दिव्यापुढची झडप पाडली, आणि खोलीत एकाएकी अंधार आणि शांतता झाली. चक्र आपल्या वेगाने थोडा वेळ फिरत राहिलं.

“यात ती नाही,” ती म्हणाली. प्रश्न नव्हता.

“नाही.”

“पण तुम्ही पाहिलंय तिला.”

खालून झापलेटालने काहीतरी विचारलं, बहुतेक रीळ संपलं का म्हणून.

“मला रागवायचं नाही हो,” ती मऊ आवाजात म्हणाली. “सहा वर्षं मी तुमच्याकडे येतेय. कुठे आहे एवढंच सांगा. मला जाता येणार नसेल तर नाही जाणार. श्टायरला जाईन, तुम्ही म्हणाल तिथे जाईन. कुठे पाहिलीत?”

कायेटानने मोजे काढले. तिरक्या शिवणीचे ते मोजे त्याने एकावर एक ठेवले, आणि मग जिन्याच्या दाराकडे नाही, खिडकीकडे नाही, तिच्याकडेच बघत बोलला.

“फ्लोरिड्सडॉर्फच्या शेडमध्ये. एकोणीसच्या फेब्रुवारीत. जुन्या फिल्म गाळायचो आम्ही तिथे, चांदीसाठी. खिडकीच्या उजेडात धरली होती मी तिला, फ्राऊ सेडलाक. एवढीशी होती, माझ्या नखाएवढी. माझ्याकडे बघून हसत होती. आणि मग मी तिला उकळत्या सोड्यात सोडली.”